पंख्यातला टक

ही गोष्ट मी सहसा कुणाला सांगत नाही. म्हणजे मला सांगावीच लागत नाही हो! उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये मी पोचायच्या आधी ती पोचलेली असते. पण तुम्ही बाहेरचे. उद्या कुणाकडून तिखटमीठ लावून ऐकाल, त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या. हसू आलं तर खुशाल हसा, मी आता त्याच्या पलीकडे गेलोय.

मी दिलीप. राहायला बदलापूरला, मांजर्लीत. दुकान कॅम्प तीनमध्ये. दुकान म्हणजे काय, एक काउंटर, एक स्टूल आणि स्टुलावर मी. पंखे आणि मोटारी दुरुस्त करतो. आणि नाव विचाराल तर माझं नाव हातापेक्षा कानामुळे झालेलं. लोक मीटर लावतात, खोलून बघतात. मी नुसतं ऐकतो! लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटारीवर टेकवायचं, मूठ उजव्या कानाला लावायची, डावा कान बोटाने बंद, डोळे मिटलेले, तोंडात चिमूटभर बडीशेप. बडीशेपेशिवाय माझं डोकंच चालत नाही. दोन मिनिटं चघळत ऐकलं, की डोळे उघडून एकच शब्द बोलायचा. "बुश." किंवा "बेअरिंग." किंवा "कॉइल." गिऱ्हाईक बघतच राहायचं. आणि खरं सांगतो, ते बघत राहिलेलं गिऱ्हाईक मला फार आवडायचं.

शेजारी हरीशेठचं पंख्यांचं मोठं दुकान. सिंधी माणूस, मनाने सोन्यासारखा. माझ्या कानावर त्याचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास. आलेल्या प्रत्येकाला सांगणार, "ये दिलीप है ना, इसका कान नहीं है साईं, एक्स-रे मशीन है!"

आता या एक्स-रे मशीनच्या बरोबर मधोमध एक नाक होतं. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. मी तर नाहीच नाही.

माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर जीन्सचा कारखाना. दिवसभर कापड कापतात, त्याचा निळा भुसा जिन्यावरून खाली येतो. सकाळी शटर उघडलं की मी शिंकायला सुरुवात करतो ती थेट चहा येईपर्यंत. रुमाल कुठल्याही रंगाचा घ्या, संध्याकाळी निळाच. बायको, मनीषा, कित्येक वर्षं म्हणतेय, "अहो, एकदा नाक दाखवा कुणाला तरी." मी म्हणायचो, "नाकाला काय झालंय? नाक आहे, ते वाहणारच!"

तर मे महिना होता. एक जोरदार सर्दी झाली. सर्दी गेली, पण उजव्या कानात बूच मारल्यासारखं राहिलं. म्हटलं जाईल. आणि त्याच आठवड्यात मला पंख्यात टक ऐकू यायला लागला.

पहिला टक माझ्या घरच्या पंख्यात. जेवायला बसलो होतो. घास गिळला, वरून आवाज, टक! वर बघितलं. पंखा गरगरतोय. दुसरा घास. टक!

"मनीषा, पंख्यात टक येतोय."

"मला नाही ऐकू आला."

"तुला कसा येईल?" मी मायेने म्हटलं. "त्याला कान लागतो."

जेवण अर्धवट टाकून पंखा उतरवला. भर मे महिन्यात! पूर्ण खोलला, बेअरिंग बदललं, परत चढवला. घामाने आंघोळ झालेली. मनीषाने पाण्याचा तांब्या दिला. प्यायलो. टक! टक! टक!

दुसऱ्या दिवशी शेअर रिक्षात तोंडात बडीशेप टाकून बसलो होतो. टक. रिक्षावाल्याला म्हटलं, "दादा, इंजिनात टक येतोय, बघून घ्या." तो म्हणाला, "काका, सिग्नलला उभे आहोत, इंजिन बंद आहे."

इथे एखाद्या शहाण्या माणसाला शंका आली असती की नाही? मला पण आली. मला शंका आली, की या माणसाला स्वतःच्या इंजिनाचं काही पडलेलंच नाहीये!

दुकानात आलेल्या पहिल्या पंख्यात टक. दुसऱ्यात टक. हरीशेठच्या दुकानात चहा प्यायला बसलो, त्याच्या डोक्यावरच्या पंख्यात टक. दोन दिवस विचार करून मी एक सिद्धांतच मांडला. यंदा सगळ्या कंपन्यांनी बेअरिंग एकाच ठिकाणाहून घेतली आहेत आणि तो सगळा माल खराब आहे! हरीशेठला सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला. "अड़े बाबा, मेरा तो पूरा सीझन है!"

आता खरी भानगड ऐका.

मनीषाचा मोठा भाऊ, बाळारामदादा. आमच्या मांजर्लीच्या पुढेच त्यांचं घर, शेती. त्यांनी शेतीच्या कडेला लग्नाचा हॉल बांधला. हॉलमधलं पहिलं लग्न कुणाचं, तर त्यांच्याच मुलीचं, प्राजक्ताचं. हॉलला भिंतीवरचे मोठे पंखे हवे होते. मीच पुढे झालो. "दादा, काळजी सोडा. हरीशेठकडून घ्या. एकेक पंखा मी स्वतः कानाने तपासून पाठवतो."

हे वाक्य मी बोललो होतो टक यायला लागण्याच्या आधी. आणि पंखे आले टक यायला लागल्यानंतर!

हरीशेठच्या गोदामात बसलो. स्क्रू-ड्रायव्हर, कान, बोट, बडीशेप. पहिला पंखा. टक. बाजूला काढा. दुसरा. टक. बाजूला काढा. दुपारपर्यंत सगळेच बाजूला, आणि पास झालेल्या मालाच्या जागी नुसती मोकळी फरशी.

"एक भी अच्छा नहीं?" हरीशेठने विचारलं.

"एकही नाही."

तो एका पंख्याजवळ कान नेऊन उभा राहिला. बराच वेळ. मग माझ्याकडे बघून मान हलवली. "हां. है. है टक."

चहावाला आला. त्यानेही कान लावला. "हो की! टकटक येतंय." वरच्या कारखान्यातले मास्टर आले, त्यांनी तर ताल धरला. "टक... टक... एकदम साफ है दिलीपभाई."

आता तुम्हीच सांगा, एवढे लोक हो म्हणत असताना मी स्वतःवर संशय का घ्यावा?

हरीशेठने कंपनीला फोन केला. पंखे अंबरनाथच्या एमआयडीसीत बनलेले. कंपनीवाले म्हणाले, असं होणं शक्य नाही, एकेक तपासून पाठवलाय. हरीशेठ म्हणाला, तुमच्या मशीनने तपासला असेल, आमच्या दिलीपने नाही. भांडण वाढलं. त्याने माल परत न्यायला सांगितला, ते न्यायला तयार होईनात. इकडे लग्न तोंडावर आलेलं.

बाळारामदादा रोज सकाळी माझ्या दारात. "भाऊजी, पंखं कधी येतील? पत्र्याचा हॉल आहे, मानसं शिजून निघतील ना!"

"दादा, खराब पंखा तुमच्या हॉलमध्ये लागू देणार नाही. माझ्या इज्जतीचा प्रश्न आहे."

"मला काय बी ऐकू नाय आला. जरा मोठ्यानी बोला."

हे एक नवीनच सुरू झालं होतं. जो तो मला म्हणायचा, मोठ्याने बोला. मला कळेना! माझा आवाज मला स्वतःला तर असा घुमत ऐकू यायचा, की जणू हंड्यात तोंड घालून बोलतोय. म्हणून मी सभ्यपणे जरा हळू बोलायचो. तर लोक म्हणायचे कुजबुजतोय. गिऱ्हाईक काउंटरवर अर्धं वाकून ऐकायचं. पापड खाल्ला तर डोक्यात इमारत पाडताहेत असा आवाज, आणि समोर मनीषा बोलली तर ती अंबरनाथहून बोलतेय असं वाटायचं.

"अहो, कान चोंदलाय तुमचा," ती म्हणाली.

"माझा? कान?" मी हसलो. "माझा कान बिघडला तर कॅम्प तीन बंद पडेल."

"निदान तेल तरी घालते."

शेजारच्या काकूंनी तिला लसूण कडकवलेलं तेल सांगितलं होतं. तिचं मन राखायला म्हणून घालून घेतलं. कान काही सुटला नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर हरीशेठने हवा हुंगली. "साईं, आज कान में तड़का लगाया क्या?"

शेवटी कंपनीने आपला इंजिनिअर पाठवला. निखिल नाव. तरुण, शांत मुलगा, पाठीवर सॅक. हरीशेठच्या दुकानासमोर ही गर्दी! चहावाला, मास्टर, वरचे कारागीर, येणारेजाणारे. बाळारामदादाही आले होते, तिथल्या तिथे काय तो निकाल लावायला. मनीषासुद्धा आली होती, भावाला शांत ठेवायला.

निखिलने एक पंखा लावला, ऐकला. दुसरा लावला, ऐकला. "मला तर काहीच ऐकू येत नाहीये काका."

मी गरजलो. म्हणजे मला वाटलं मी गरजलो. "तुमचं वय काय, अनुभव काय! या कानाने हजारो मोटारी ऐकल्यात!"

"काय म्हणाले?" निखिलने मनीषाला विचारलं.

"ओरडताहेत," ती म्हणाली.

"मग काका, तुम्हीच दाखवा," निखिल म्हणाला. "टक आला की हात वर करा. मी मोबाईलवर रेकॉर्ड करतो. आवाज असला तर मी स्वतः माल परत घेऊन जातो."

याहून चांगलं काय हवं होतं मला? भर बाजारात, एवढ्या लोकांसमोर, कंपनीच्या माणसाला माझ्या कानाची करामत दाखवायची! मी शर्टाच्या बाह्या मागे सारल्या. नेहमीपेक्षा जास्त बडीशेप तोंडात टाकली. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटारीवर, मूठ उजव्या कानाला, डाव्या कानात बोट. डोळे मिटले. पंखा फुल्ल स्पीडवर.

टक. हात वर केला.

टक. हात वर.

रंगात आलो. बडीशेप गिळतोय, हात वर करतोय. बाहेर काय चाललंय याचा मला पत्ता नाही. मग मोटारीची घरघर हळूहळू कमी होत गेली. मला वाटलं निखिलने स्पीड कमी केला असणार, म्हणजे टक नीट रेकॉर्ड व्हावा. हुशार आहे मुलगा!

"हां, असंच राहू द्या," मी म्हणालो. "आता मोटार किती शांत चाललीये बघा. तरी टक येतोय. टक! हा बघा! आता तर आणखी स्पष्ट येतोय. टक! ऐकला ना शेठ?"

"हां... हां, आया," हरीशेठचा आवाज लांबून आला. पण त्या आवाजात काहीतरी वेगळं होतं.

"मास्टर, ऐकला?"

कुणीतरी माझ्या डाव्या कानातलं बोट ओढून काढलं. डोळे उघडले. मनीषा.

"अहो," ती म्हणाली, "लाईट गेलीये."

मी बघितलं. पंखा बंद. पाती एकदम स्थिर. पातीवर एक माशी बसलेली. हरीशेठचं दुकान अंधारं. वरच्या कारखान्याच्या सगळ्या मशीन बंद, सगळे कारागीर जिन्यात उभे राहून माझ्याकडे बघताहेत. अख्खी गल्ली अशी शांत मी कधी ऐकली नव्हती. निखिलचा मोबाईल अजून माझ्यासमोर धरलेला.

मी घाबरून उरलेली बडीशेप गिळली.

टक.

पंखा बंद. स्क्रू-ड्रायव्हर खाली. आणि टक!

"येतोय," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. "अजून येतोय."

मग जे हसू फुटलं त्याबद्दल न बोललेलं बरं. चहावाल्याची किटली सांडली. बाळारामदादा कपाळाला हात लावून पायरीवर बसले, त्यांचे खांदे हलत होते, ते रडताहेत की हसताहेत तेच मला समजेना. फक्त निखिल हसला नाही. त्याने मोबाईल खिशात टाकला आणि हळूच विचारलं, "काका, आवाज गिळताना येतो का?"

मी हरीशेठकडे वळलो. सगळा राग त्याच्यावरच. "शेठ, तुम्ही तर म्हणालात ऐकू येतोय!"

"अड़े, मेरे को तो पहले दिन से कुछ सुनाई नहीं दिया!" तो ओरडला. "पर तेरा कान इतना बड़ा! मेरे को लगा मेरा ही कान गया. मैंने तो डर के मारे कान की मशीन का भाव भी पूछ के रखा है!"

"मास्टर, तुम्ही तर ताल धरला होतात!"

मास्टर जिन्यातून वर निघून गेले.

पंखे त्याच संध्याकाळी टेम्पोत चढले आणि हॉलवर गेले. मला टेम्पोच्या जवळसुद्धा जाऊ दिलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मनीषा मला हाताला धरून अंबरनाथला कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. मी मुकाट गेलो. आदल्या दिवसापासून माझी बोलतीच बंद होती, आणि जी काही चालू होती ती कुणाला ऐकू येत नव्हती.

"नाकाचा काही त्रास?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"छे, नाक उत्तम आहे," मी म्हणालो आणि लागोपाठ शिंकत सुटलो.

"डॉक्टर, लग्न झाल्यापासून मी यांचं नाक चोंदलेलंच बघतेय," मनीषा म्हणाली. "रात्री तोंड उघडं टाकून झोपतात."

"ती आपली साधी सर्दी. त्रास कानाचा आहे."

डॉक्टरबाईंनी कान बघायच्या आधी नाकच बघितलं. बराच वेळ. मग कान. मग कानात एक रबरी टोक बसवून मशीनने दाब तपासला. पडद्यावर एक डोंगर उमटला, बुटका आणि एका बाजूला सरकलेला. डाव्या कानाचा मात्र मधोमध, ताठ.

"आवाज कधी येतो?"

"पंखा ऐकताना."

"पंखा ऐकताना तोंडात काही असतं?"

मनीषानेच सांगून टाकलं, "बडीशेप."

डॉक्टरबाईंनी मान खाली घातली. हसू लपवत होत्या, मला काय कळत नाही? मग त्यांनी नीट समजावलं. "हे बघा, नाकाच्या मागून कानापर्यंत एक बारीक नळी असते. एरवी ती मिटलेली असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा क्षणभर उघडते, आणि पडद्यामागे हवा जाते. तुमचं नाक ॲलर्जीने आतून सुजलंय. तीच सूज त्या नळीच्या तोंडाशी. त्यामुळे ती सहज उघडत नाही. चिकटून बसते, आणि उघडली की टक."

"म्हणजे बेअरिंग कोरडं पडलंय."

"बेअरिंग नाही हो. तुमच्या भाषेत व्हॉल्व्ह म्हणा. अडकणारा व्हॉल्व्ह. हवा पुरेशी जात नाही म्हणून पडदा आत ओढला गेलाय, मागे थोडं पाणीही साचलंय. त्यामुळे बाहेरचं कमी ऐकू येतं आणि स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो. म्हणून तुम्ही हळू बोलताय. जरा मोठ्याने बोला, मघापासून मी अंदाजाने उत्तरं देतेय."

"मग ऑइलिंग केलं तर?" मी शक्य तितक्या मोठ्याने विचारलं.

"तेल अजिबात नाही! घातलंत का?"

मी मनीषाकडे बघितलं. मनीषा भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघत होती.

"तेल पडद्याच्या बाहेरच राहतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बिघाड आहे पडद्याच्या आत, आणि त्याचं मूळ नाकात. कानात काही ओतून नाक बरं होत नाही."

एकाच कानात आहे म्हणून नाकामागची जागा एकदा बघितलेली बरी, असं म्हणून त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घातली. माझी पाचावर धारण बसली. मनीषाचा हात इतका दाबला की तिच्या बांगडीचे वळ माझ्या तळहातावर उठले. त्या मिनिटभरात मला ना पंखे आठवले ना इज्जत. एवढंच वाटलं, की ही बाई इतकी वर्षं सांगत होती, मी एकदा तरी ऐकायला हवं होतं.

"बाकी काही नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सूज आहे फक्त."

मनीषाने माझा हात सोडवून घेतला आणि पदराने डोळे टिपले. मग लगेच म्हणाली, "आता तरी मास्क लावाल ना दुकानात?"

औषध काय, तर नाकात मारायचा फवारा आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणं. फवारा मारायचीही पद्धत आहे बरं का! नाकाच्या मधल्या पडद्यावर नाही मारायचा, बाहेरच्या बाजूला, त्या बाजूच्या डोळ्याच्या दिशेने. मारल्यावर जोरात ओढायचं नाही. जोरात शिंकरायचंही नाही. आणि एका दिवसात गुण येत नाही, काही आठवडे रोज मारत राहायचा. कान धरून बसलेला मी, आणि सगळी दुरुस्ती नाकाची!

लग्न झालं. पंखे असे मस्त चालले, की जेवायच्या पंगतीत पत्रावळी धरून बसावं लागलं. पण कॅम्प तीनची बातमी बदलापूरला पोचलेली होतीच. ज्याला बघावं तो पंख्याखाली उभा, एका कानात बोट घालून, डोळे मिटून. वरपक्षाकडचा एक म्हातारा, ज्याला मी आयुष्यात कधी भेटलो नव्हतो, माझ्या पानासमोर येऊन म्हणाला, "दिलीपराव, जिलबी गिळून बघा बरं, काय म्हणतेय बेअरिंग?" नवरीमुलगी स्टेजवर हसून हसून मुंडावळ्या सावरत होती. मी जिलबी गिळली. टक आला. मी सांगितलं नाही.

पुढे फवारा लागू पडला. आधी बूच सुटलं. एके दिवशी सकाळी चहा पिताना फटकन कान उघडला, आणि मनीषा किती मोठ्याने बोलते ते मला एकदम कळलं! टक विरळ होत गेला आणि मग थांबला. दुकानात मास्क लावतो, रुमाल पांढरा राहतो. गिऱ्हाईक परत यायला लागलं. हरीशेठ अजून लोकांना "एक्स-रे मशीन" सांगतो, फक्त आता पुढे जोडतो, "सर्विसिंग करा के आया है."

पण आत कुठेतरी भीती बसली ती बसलीच. मोटार ऐकताना थोडा जरी वेगळा आवाज आला, की पहिला संशय स्वतःवर.

परवाची गोष्ट. दुकानासमोर रिक्षा थांबली. बघतो तर डॉक्टरबाई! स्वतः! हातात दवाखान्यातला टेबल फॅन. मी धावत पुढे झालो, स्टूल दिलं, चहा सांगितला.

"दिलीपराव, याच्यात टक टक आवाज येतोय," त्या म्हणाल्या. "पेशंट तपासताना फार त्रास होतो. म्हटलं तुमच्याकडेच न्यावा."

पंखा लावला. तोंड रिकामं ठेवलं. ऐकू लागलो. टक. टक. टक. स्पष्ट!

परत सुरू झालं की काय? गिळून बघितलं, टक. न गिळता बघितलं, टक. जांभई दिली, टक. घाम फुटला. लाईट गेली तर बरं, असं वाटायला लागलं, पण अशा वेळी ती कधी जाते का? हरीशेठ दारातून बघतोय. मास्टर जिन्यात. पुन्हा एकदा भर बाजारात तमाशा? नाही. यावेळी नाही! मी पंखा बंद केला, पुसला आणि डॉक्टरबाईंच्या हातात परत दिला.

"मोटार एकदम उत्तम आहे. बेअरिंग नवं कोरं. काही करायची गरज नाही."

"अहो, मग हा टक कसला?"

"कसं सांगू डॉक्टर," मी आवाज खाली आणून, अगदी आपुलकीने म्हणालो, "घाबरू नका. सुरुवातीला मलाही पंख्यातच वाटला होता. तुम्ही असं करा, एखाद्या चांगल्या डॉक्टरला नाक दाखवून घ्या."